पाणी दाराला नेमकं कुठे ढकलतं?

पावसाळ्यात धरण भरलं की बातम्यांमध्ये तेच दृश्य येतं. लोखंडी दरवाजे काही फूट वर उचललेले असतात आणि त्यांच्या खालून पांढरं पाणी उसळत असतं. बहुतेकांची नजर पाण्यावर खिळते. मला मात्र त्या दरवाजांचं जास्त अप्रूप वाटतं. मागे डोंगर-दऱ्या भरून साठलेलं पाणी, पुढे काहीच नाही आणि मधे पोलादाचा एक पातळसा पडदा. तो टिकतो कसा? त्याहून अवघड प्रश्न म्हणजे एवढ्या ओझ्याखाली असलेलं दार एखादी साधी मोटर उचलते कशी?

उत्तर शोधताना आपण सगळे आधी एकाच वाटेने जातो: पाण्याचा जोर किती आणि लोखंड किती मजबूत. ही वाट अर्ध्यातच संपते. बिजागरीवर फिरणाऱ्या दाराच्या बाबतीत जोर किती आहे याच्याइतकंच महत्त्व तो बिजागरीपासून किती लांब लागतो याला असतं. दार मिटलेलं राहणार, आपोआप उघडणार की वाकून मोडणार, हे त्या अंतरावर ठरतं.

घरातल्या दारापासून सुरुवात

खोलीचं दार मुठीपाशी एका बोटाने ढकला, सहज फिरतं. तेच बोट बिजागरीपासून चार बोटांवर ठेवून ढकला. दार तेच, बोट तेच, पण आता ताकद लावावी लागते. आता दाराच्या मोकळ्या कडेला हात टेकून दार बिजागरीच्याच दिशेने दाबा. कितीही जोर लावला तरी दार फिरत नाही. हा तिसरा प्रयोग लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी तोच कामाला येणार आहे.

फिरवण्याची ही क्षमता मोजण्यासाठी विज्ञानात एक शब्द आहे, आघूर्ण. बल गुणिले बिजागरीपासून त्या बलाच्या रेषेपर्यंतचं काटकोनी अंतर म्हणजे आघूर्ण. या अंतराला भुजा म्हणतात. भुजा शून्य असेल तर बल कितीही मोठं असलं तरी फिरवण्याची क्षमता शून्य. तिसऱ्या प्रयोगात नेमकं हेच झालं: जोराची रेषा थेट बिजागरीतून गेली आणि भुजाच उरली नाही.

दार जागच्या जागी थांबायचं असेल तर एका बाजूला फिरवणारी सगळी आघूर्णं आणि उलट फिरवणारी सगळी आघूर्णं सारखी असावी लागतात. सीसॉवर जड मूल मधल्या टेकूजवळ आणि हलकं मूल टोकाला बसलं की फळी आडवी राहते, तोच हिशेब.

पाण्याचा जोर किती?

पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो. एका घनमीटर पाण्याचं वस्तुमान जवळपास एक टन असतं. त्यामुळे एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे एक टन वजनाइतका दाब असतो, दोन मीटरवर दोन टन, दहा मीटरवर दहा टन. पुढे मी बलसुद्धा टनांतच सांगणार आहे. 'नऊ टन जोर' म्हणजे नऊ टन वजन जेवढं दाबेल तेवढा. शास्त्राचं काटेकोर एकक न्यूटन आहे, पण डोळ्यांसमोर चित्र उभं राहायला टन बरा.

स्थिर पाण्याची आणखी एक सवय आहे. ते ज्या पृष्ठभागाला टेकतं त्याला नेहमी काटकोनातच ढकलतं. तिरकं घासत नाही, बाजूला ओढत नाही.

आता एक दार घेऊ: दोन मीटर रुंद, तीन मीटर उंच, उभं. एका बाजूला अगदी वरच्या कडेपर्यंत पाणी, दुसरी बाजू कोरडी. वरच्या कडेला दाब शून्य, तळाला चौरस मीटरला तीन टन, म्हणजे सरासरी दीड टन. क्षेत्रफळ सहा चौरस मीटर. एकूण जोर नऊ टन.

पण हा जोर लागतो कुठे?

बरेच जण चटकन म्हणतात, दाराच्या मध्यावर. वरून खालपर्यंत दाब सारखा असता तर ते बरोबर ठरलं असतं. पण तळाचं पाणी जास्त ढकलतं, म्हणून जोराचं केंद्र मध्याच्या खाली सरकतं.

किती खाली, हे सूत्राशिवाय काढता येतं. दाराच्या एक-एक मीटर उंचीच्या तीन आडव्या पट्ट्या कल्पा. प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटर. वरच्या पट्टीचा मध्य अर्धा मीटर खोल, म्हणून तिच्यावर एक टन जोर. मधलीचा दीड मीटर खोल, म्हणून तीन टन. खालचीचा अडीच मीटर, म्हणून पाच टन. एक, तीन, पाच, बेरीज नऊ. हिशेब जुळला.

आता प्रत्येकाचं आघूर्ण वरच्या कडेपासून मोजू. एक गुणिले अर्धा म्हणजे अर्धा, तीन गुणिले दीड म्हणजे साडेचार, पाच गुणिले अडीच म्हणजे साडेबारा. एकूण साडेसतरा टन-मीटर. अचूक उत्तर अठरा आहे. अर्ध्याचा फरक पडतो, कारण प्रत्येक पट्टीच्या आतही खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त दाबला जातो आणि आपण पट्टीचा जोर मध्यावर धरला. अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या सहा पट्ट्या केल्या तर 17.875 येतं. पट्ट्या बारीक करत जा, उत्तर अठराला भिडतं.

अठरा भागिले नऊ म्हणजे दोन. म्हणजे नऊ टनांचा सगळा जोर वरून दोन मीटरवर, तळापासून एक मीटरवर लागल्यासारखा वागतो. पाणी वरच्या कडेपर्यंत असलेल्या कुठल्याही उभ्या आयताकृती दाराला हे लागू आहे: तळापासून एक तृतीयांश उंची. या बिंदूला दाबकेंद्र म्हणतात.

बिजागरी वर की खाली?

इथे मला या विषयातला पहिला खरा धक्का बसला होता.

तेच दार वरच्या कडेला बिजागरी लावून टांगा आणि खाली कडी लावा. पाण्याचं आघूर्ण नऊ गुणिले दोन, अठरा. कडी बिजागरीपासून तीन मीटरवर आहे, म्हणून तिला अठरा भागिले तीन, म्हणजे सहा टन धरून ठेवावे लागतात. उरलेले तीन टन बिजागरी पेलते.

आता दार उलटं करा. बिजागरी तळाला, कडी वर. पाण्याची भुजा आता एकच मीटर. आघूर्ण नऊ, कडीवर फक्त तीन टन. दार बदललं नाही, पाणी बदललं नाही, तरी कडीचं ओझं निम्मं झालं.

बिजागरी खोलीच्या दारासारखी बाजूला असेल तर भुजा निम्म्या रुंदीची, म्हणजे एक मीटर होते. समोरच्या कडेवर साडेचार टन येतात आणि बिजागरीच्या बाजूवरही साडेचार. पण दार वरच्या आणि खालच्या कोपऱ्यातल्या दोनच बिजागऱ्यांवर टांगलं असेल, तर ते साडेचार टन सारखे वाटले जात नाहीत. दाबकेंद्र खाली असल्यामुळे खालच्या बिजागरीवर तीन टन आणि वरच्या बिजागरीवर दीड टन येतात. पाणी अडवणाऱ्या दाराची खालची बिजागरी आधी झिजत असेल तर त्यामागे हे कारण असू शकतं.

"पण मागे तर अख्खा जलाशय आहे!"

हा आक्षेप हमखास येतो आणि तो येणं स्वाभाविक आहे. वरच्या हिशेबात मी पाण्याची खोली धरली, दाराची रुंदी धरली, पण दारामागे पाणी किती लांबवर पसरलं आहे हे कुठेच धरलं नाही. दारामागे पन्नास किलोमीटरचा जलाशय असो की हातभर रुंदीची पाण्याची उभी भिंत, खोली तीच असेल तर जोर नऊ टनच.

पटायला जड जातं. सिमॉन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने 1586 मध्येच हे मांडलं होतं: तळावरचा दाब भांड्याच्या आकारावर किंवा एकूण पाण्यावर नाही, फक्त उंचीवर अवलंबून असतो. लांबचं पाणी दाराला का ढकलत नाही, हे असं बघा. जलाशयाच्या मधोमध एक उभा काल्पनिक पडदा धरा. त्याला पलीकडचं पाणी जेवढं दाबतं तेवढंच अलीकडचं उलट दाबतं. दोन्ही एकमेकांना थोपवून धरतात. दाराला कळतं ते फक्त त्याला टेकलेलं पाणी आणि त्याची खोली.

मग मोठ्या जलाशयाची भीती खोटी का? मुळीच नाही. फरक पडतो तो दार हलल्यानंतर. हातभर पाणी असेल तर दार जरासं सरकताच पातळी खाली येते आणि जोर संपतो. जलाशय असेल तर दार मोडून वाहून गेलं तरी पातळी तासाभरात फारशी उतरत नाही. पाणी येतच राहतं.

पाणी दुप्पट झालं तर जोर दुप्पट?

नाही, आणि ही गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. आपल्याच दारामागे तीनऐवजी दीड मीटर पाणी आहे असं धरा. सरासरी दाब निम्मा, भिजलेलं क्षेत्रफळही निम्मं. म्हणून जोर निम्मा नाही, चौथाई: सव्वादोन टन. बिजागरी तळाला असेल तर भुजाही निम्मी झाली, अर्धा मीटर. आघूर्ण झालं सव्वा टन-मीटरहूनही कमी, 1.125. पूर्ण भरल्यावर ते नऊ होतं, म्हणजे आठपट.

पाण्याची उंची दुप्पट झाली की तळाच्या बिजागरीवरचं आघूर्ण आठपट होतं. तात्पुरत्या पूरफळ्या अर्ध्या उंचीपर्यंत भक्कम उभ्या राहिल्या म्हणून पुढच्या अर्ध्यालाही टिकतील, असं म्हणता येत नाही. पहिल्या अर्ध्यात त्यांची एक अष्टमांश परीक्षाच झालेली असते.

माणूस नसताना उघडणारं दार

आता बिजागरी कडेला न ठेवता दाराच्या आतच, तळापासून एक मीटरवर, आडवी बसवू. म्हणजे दार एका आडव्या दांड्यावर झुलतं. दाराच्या तळाशी, कोरड्या बाजूला एक उंबरा ठेवू, म्हणजे खालची कड पुढे सरकू शकणार नाही.

पाणी वरच्या कडेपेक्षा कमी असेल तोवर दाबकेंद्र दांड्याच्या खाली राहतं. दोन मीटर पाणी असेल तर ते तळापासून सुमारे 67 सेंटिमीटरवर. पाणी दाराचा खालचा भाग उंबऱ्यावर दाबतं. दार घट्ट मिटतं, आणि मिटवणारं खुद्द पाणीच असतं. पाणी बरोबर तीन मीटर झालं की दाबकेंद्र नेमकं दांड्यावर येतं. भुजा शून्य. पाणी आणखी वाढून दारावरून वाहायला लागलं की काय होतं? समजा पातळी कडेच्या एक मीटर वर गेली आणि वरून वाहणाऱ्या धारेमुळे दाबात होणारा बदल सोडून दिला. आधीच्या नऊ टनांवर आता पूर्ण दारावर सारखा पसरलेला सहा टनांचा जोर वाढला आणि तो दाराच्या मध्यावर, दीड मीटरवर लागतो. दोन्ही मिळून पंधरा टन, तळापासून 1.2 मीटरवर. दाबकेंद्र दांड्याच्या वर गेलं. दाराचा वरचा भाग पुढे झुकतो, खालचा मागे येतो आणि पाणी मोकळं होतं.

ना मोटर, ना वीज, ना रात्री जागणारा माणूस. नद्यांवरच्या बंधाऱ्यांच्या माथ्यावर अशा झुकणाऱ्या फळ्या एकोणिसाव्या शतकापासून वापरल्या गेल्या. मला ही रचना विलक्षण सुंदर वाटते, कारण तिच्यात निर्णय घेणारं यंत्रच नाही. दांडा कुठे बसवायचा, एवढ्यात सगळा निर्णय आधीच घेऊन ठेवलेला असतो.

तिच्यात एक खोच आहे. दार उभं असताना त्याचं वजन दांड्याच्या बरोबर वर असतं, म्हणून ते फिरवत नाही. दार थोडं झुकलं की वजनही पुढे जातं आणि झुकणं आणखी वाढवतं. असा समतोल म्हणजे टोकावर उभी केलेली पेन्सिल: आघूर्णं शून्य आहेत, पण जराशा धक्क्याने सगळं एकाच बाजूला जातं. याला अस्थिर समतोल म्हणतात. उघडायला तो उत्तम, पण पाणी उतरल्यावर असं दार स्वतःहून मिटेलच असं नाही. त्यासाठी उलट बाजूला वजन बांधावं लागतं किंवा माणसाने ते उभं करावं लागतं.

याउलट, सांडपाण्याच्या किंवा पावसाच्या नाल्याच्या तोंडावर वरून टांगलेली झडप बघा. नाल्यात पाणी वाढलं की ती बाहेर उघडते, नदी फुगली की बाहेरचं पाणी तिला दाबून मिटवतं. तिचं वजन तिला नेहमी मिटण्याच्या बाजूला ओढतं. हा स्थिर समतोल. अट एवढीच की झडप अगदी उभी लटकत नसावी, कारण मग वजनाची रेषा बिजागरीतूनच जाते आणि मिटवणारी भुजा उरत नाही. म्हणून तिची बैठक थोडी कललेली ठेवतात.

मग जड झडप जास्त चांगली का? मिटायला हो, उघडायला नाही. एक मीटर लांब-रुंद, शंभर किलोची झडप दहा अंश कललेली आहे आणि दोन्हीकडून पाण्यात बुडाली आहे असं समजा. पाण्याच्या उमाळ्याने, म्हणजे वर उचलणाऱ्या जोराने, वजन थोडं घटतं, तेवढं सोडून देऊ. वजनाची भुजा सुमारे 8.7 सेंटिमीटर, आघूर्ण सुमारे 8.7 किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतराचं किलोमीटर नव्हे). आत-बाहेरच्या पातळीत दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर पाण्याचं आघूर्ण दहा किलो-मीटर होतं आणि झडप उघडते. वजन दुप्पट केलं तर उघडायला दुप्पट फरक लागतो आणि तेवढं पाणी नाल्यात मागे तुंबून राहतं.

दोन्ही बाजूंना पाणी असेल तर

दार दोन्हीकडून दाबलं जातं आणि उरतो तो फरक. आपल्या दाराच्या एका बाजूला तीन मीटर, दुसऱ्या बाजूला दोन मीटर पाणी असेल तर नऊ वजा चार, पाच टन. दोन्हीकडे तीन मीटर असेल तर शून्य. मग दार बोटाने नाही तरी हाताने हलतं.

जहाजांना वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर नेणाऱ्या जलपाशांचं सगळं काम यावर चालतं. आधी झडपा उघडून दोन्ही बाजूंची पातळी सारखी करायची, मग दार उघडायचं. 1914 मध्ये सुरू झालेल्या पनामा कालव्याच्या जुन्या जलपाशांच्या दारांची प्रत्येक पाकळी सुमारे वीस मीटर रुंद आणि दोन मीटर जाड आहे. सर्वांत उंच पाकळ्या पंचवीस मीटरच्या आहेत. तरीही मूळ रचनेत एका पाकळीला फक्त पंचवीस अश्वशक्तीची मोटर होती. पातळ्या सारख्या झाल्या की पाण्याचं आघूर्ण नाहीसं होतं, आणि पाकळ्या आतून पोकळ असल्यामुळे पाणीच त्यांना उचलून धरतं, बिजागऱ्यांवर वजन कमी येतं.

या दारांच्या दोन पाकळ्या मिटल्यावर सरळ रेषेत येत नाहीत. उंच पाण्याकडे टोक करून त्या पसरट कोन करतात. लिओनार्दो दा व्हिंची यांच्या रेखाटनांतही अशी जोडदारं आहेत. पाणी प्रत्येक पाकळीला आपल्या बिजागरीभोवती फिरवू बघतं आणि समोरची पाकळी तिला अडवते. दोघी एकमेकींच्या कडी होतात. पाणी वाढेल तसा त्यांचा सांधा अधिक घट्ट मिटतो.

कोन किती ठेवायचा, याचा हिशेबही आघूर्णाचाच. पाकळी दोन्ही बिजागऱ्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेपासून सुमारे साडेएकोणीस अंश वळलेली असेल तर सांध्यावरचा जोर एका पाकळीवरच्या पाण्याच्या जोराच्या दीडपट येतो. कोन जितका सपाट, तितका हा जोर वाढत जातो. दोन्ही पाकळ्या अगदी एका रेषेत आल्या तर एकमेकींना अडवायला भुजाच राहत नाही आणि त्या पलीकडे ढकलल्या जातात.

दोन्ही बाजूंच्या पाण्याचा हा हिशेब जीव वाचवणाराही आहे. गाडी पाण्यात गेली की दार का उघडत नाही? दाराबाहेर 80 सेंटिमीटर पाणी चढलं आणि दार एक मीटर रुंद धरलं तर जोर 320 किलो. तो दाराच्या मध्यावर लागतो, म्हणून मोकळ्या कडेला आतून 160 किलोंच्या वर ढकलावं लागतं. पाणी एक मीटर झालं की 250. वीस सेंटिमीटरमध्ये एवढा फरक. आत पाणी भरून पातळ्या सारख्या झाल्या की दार उघडेल हे खरं, पण तोवर वाट बघणं जीवघेणं ठरू शकतं. म्हणून सल्ला असा: पट्टा सोडा, लगेच खिडकी उघडा किंवा फोडा आणि बाहेर पडा. पाण्याने दाबलेल्या दाराशी झगडण्यात पहिले मोलाचे क्षण घालवू नका.

हवेवर उभं राहणारं दार

व्हेनिसला समुद्राच्या भरतीपासून वाचवण्यासाठी बांधलेल्या मोझे प्रकल्पात 78 दारं आहेत. खऱ्या भरतीच्या वेळी ती पहिल्यांदा 3 ऑक्टोबर 2020 रोजी उभी राहिली. सगळ्यांच्या बिजागऱ्या समुद्रतळाला आहेत. एरवी दारं पाण्याने भरलेली, तळाशी आडवी झोपलेली असतात. भरती यायची असली की आत दाबाखाली हवा सोडतात, पाणी बाहेर जातं आणि पोकळ दार तरंगू बघतं. वर उचलणारा उमाळा एका बाजूला, दाराचं वजन आणि समुद्राच्या चढलेल्या पातळीचा जोर दुसऱ्या बाजूला. दोन्हींची आघूर्णं जिथे जुळतात त्या कोनात दार थांबतं. ते ताठ उभं राहत नाही, तिरकं राहतं, आणि लाट आली की जरा डुलतं. हे डुलणं दोष नव्हे. समतोल स्थिर आहे, म्हणून दार हलून पुन्हा जागेवर येतं. ताठर भिंतीसारखा प्रत्येक लाटेचा पूर्ण तडाखा त्याला झेलावा लागत नाही.

शून्य भुजेचं दार, आणि त्यातून सुटलेली एक गोष्ट

आता सुरुवातीचा प्रश्न: धरणाचं दार साधी मोटर कशी उचलते? अनेक धरणांच्या सांडव्यांवर वक्राकार दरवाजे असतात. पाण्याला टेकणारा पत्रा वर्तुळाच्या कमानीसारखा वाकवलेला असतो आणि त्या वर्तुळाच्या केंद्रावरच दार फिरवणारी जाड पिन बसवलेली असते. या पिनेच्या आधाराला ट्रनियन म्हणतात. पाणी पृष्ठभागाला काटकोनात ढकलतं, आणि वर्तुळाला काटकोनात असलेली प्रत्येक रेषा केंद्रातून जाते. म्हणजे दारावरच्या प्रत्येक थेंबाचा जोर थेट पिनेकडे जातो. शेकडो टन जोर आणि भुजा शून्य. घरच्या दाराचा तिसरा प्रयोग हाच होता. मोटरला उरतं फक्त दाराचं स्वतःचं वजन आणि कडांच्या रबरी पट्ट्यांचं घासणं.

कागदावर हे निर्दोष आहे. 17 जुलै 1995 रोजी कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाचा असाच एक वक्राकार दरवाजा उघडत असताना मोडला. सेकंदाला हजार घनमीटरहून जास्त पाणी 'अमेरिकन' नावाच्या नदीत सुटलं. धरण 1956 मध्ये पूर्ण झालं होतं आणि दाराने चार दशकं काम केलं होतं.

काय चुकलं? पाण्याचा जोर केंद्रातून जातो खरा, पण पिनेला जाडी असते. दार फिरतं तेव्हा पिनेच्या पृष्ठभागावर घर्षण होतं आणि ते घर्षण पिनेच्या त्रिज्येइतक्या भुजेवर लागतं. समजा पिनेवर 500 टन जोर आहे, त्रिज्या 20 सेंटिमीटर आहे आणि घर्षण जोराच्या एक दशांश आहे. फिरण्याला विरोध करणारं आघूर्ण झालं दहा टन-मीटर. पिनेवर गंज चढून घर्षण तिप्पट झालं तर तीस. हे आघूर्ण जातं कुठे? दाराला पिनेशी जोडणाऱ्या लोखंडी हातांमध्ये. मोटर एका टोकाला ओढते, पिन दुसऱ्या टोकाला अडवते आणि मधले हात वाकतात. फॉल्समच्या रचनेत या घर्षणाचा भार धरलेलाच नव्हता. वर्षानुवर्षं अपुऱ्या वंगणाने आणि गंजाने तो वाढत गेला, आणि हातांना बांधून ठेवणारा एक तिरपा दुवा तुटला.

दार मिटून उभं असताना यातलं काहीच दिसत नाही. घर्षण जागं होतं ते दार फिरायला लागल्यावर, आणि पाण्याची पातळी जितकी वर, तितकं जास्त. कोरड्या दिवसांत, पाणी उतरलेलं असताना सहज उचललं गेलेलं दार भरल्या धरणात तसंच वागेल याची खात्री देता येत नाही. फॉल्समनंतर तिथल्या दारांचे हात मजबूत केले गेले आणि पिनांना अधिक वेळा वंगण दिलं जाऊ लागलं. आता वक्राकार दारांच्या हिशेबात पिनेचं घर्षण वेगळं धरलं जातं. दार उचलताना मोटर किती वीज ओढते याची नोंद ठेवली तर तोच आकडा वर्षांमागून वर्षं हळूहळू चढताना दिसू शकतो, आणि तेव्हा पिन उघडून बघायला अजून वेळ हातात असतो.